वरून खाली, बिनशिवणीचा स्वेटर : चाचणीसाठी विणणारे हात हवेत

तापीकाठची

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितेय.

गेली दोन वर्षं लहान मुलांचा एक स्वेटर डोक्यात आणि सुईवर आहे. गळ्यापासून सुरू होतो, खाली उतरतो, शिवण कुठेच नाही. पाठ वेगळी, पुढा वेगळा, मुंढे घटवा, बाह्या विणा आणि शेवटी सगळं शिवत बसा, हे मला कधीच आवडलं नाही. विणकाम माझं बरं आहे, शिवण भयंकर. एक बाही कायम पुढे बघते, दुसरी मागे.

कृती मराठीत लिहिली आहे. मापं चार: साधारण दोन, चार, सहा आणि आठ वर्षांची मुलं. तयार छाती ६०, ६४, ६८ आणि ७४ सेंमी. ताण, म्हणजे वीण किती घट्ट-सैल, तो असा: १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी. सुई ८ नंबर, गोल. लोकर मध्यम जाडीची, चार वर्षांच्या मापाला २०० ग्रॅम.

थोडक्यात रचना सांगते, चार वर्षांचं माप धरून. गळ्याला ७२ टाके घालून गोल जोडायचे, दोन सुलट दोन उलट अशी पट्टी विणायची. मग वाटणी: पाठ २४, पुढा २४, बाह्या १०-१० आणि मधल्या चार तिरप्या रेघांचा एकेक टाका. एक फेरी आड करून प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे एका वाढीच्या फेरीत ८ टाके. अशा १६ फेऱ्या झाल्या की २०० टाके होतात. मग चार साध्या फेऱ्या. बाह्यांचे टाके दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यावर उतरवून ठेवायचे, काखेत ६-६ नवे टाके घालायचे, की चार रेघांचे टाके धरून अंगाला १२८ टाके उरतात. तिथून कमरेपर्यंत नुसतं गोल गोल. शेवटी बाह्या.

यातलं चार वर्षांचं माप मी स्वतः विणलंय. बाकी तीन मापं वहीतलं गणित आहे. म्हणून माणसं हवीत. कृती व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते. महिनाभरात विणून झालं तर थंडी संपायच्या आत पोरांच्या अंगावर चढेल. काही अडलं तर इथेच लिहा.

उगाच

खान्देशात स्वेटर? मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशांत बसून हा धागा परत वाचणार आहे.

तापीकाठची

जरूर वाचा. आणि जानेवारीत पहाटे पाचला धुळ्याच्या स्टँडवर उभे राहूनही एकदा वाचा.

केळीबाग

उगाचभाऊ, तुम्ही रावेरकडे रात्री केळीला पाणी भरायला या. शेतीच्या पंपाची लाईट रात्रीची असली की सासरे बाराला घरातून निघतात. सातपुड्याकडून वारं सुटलं की बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, केळीलाही ऊब आणि माणसालाही. त्यांच्या अंगात स्वेटर, त्यावर घोंगडी, त्यावर कानटोपी असते. थंडी लागली की केळीचं पान करपतं, वाढ थांबते. माणसाचं वेगळं काय होणार?

ताई, मला दोन वर्षांचं माप द्या. मुलगा सव्वा दोनचा आहे.

जुनीसुई

अमळनेर. वय ६६. चाळीसेक स्वेटर विणले असतील, सगळे शिवणीचे. वरून खाली कधी केला नाही. सहा वर्षांचं माप पाठव, नातवाला होईल. शिवण नसलेला स्वेटर टिकतो का, हे मला बघायचंच आहे.

नवशिकी

मी चोपड्याची. आजवर फक्त दोन मफलर आणि एक टोपरं. मला चालेल का? सहा वर्षांचं माप हवं होतं, पण ते काकूंनी घेतलंय.

तापीकाठची

एकाच मापाला दोघी असल्या तर उत्तमच. काकू चाळीस स्वेटरवाल्या, तू पहिलटकरीण. पाठवते.

परदेशी_पाखरू

मूळ धुळ्याची, सध्या अमेरिकेत. भाचा चार वर्षांचा आहे, धुळ्यातच. ते माप मला द्या. इकडे रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर अशी चाचणी-विणकामं सतत चालू असतात, पण मराठीतली कृती पहिल्यांदाच बघतेय. 'दोन सुलट दोन उलट' हे वाचून आईचा आवाज कानात आला.

गणिती_नंदुरबार

मी पुरुष आहे आणि विणतो, ओळख इतकी पुरे. त्या तिरप्या रेघांच्या बाहीला रॅगलन म्हणतात. लॉर्ड रॅगलन म्हणून इंग्रज सेनानी होता, १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. या बाहीला त्याचंच नाव आहे. मुंढ्याची गोल शिवण नसल्यामुळे अशा बाहीत हात सहज सरकतो. हात घालताना रडणाऱ्या पोरांसाठी याहून सोयीचं काही नाही.

कामाचा प्रश्न: ताण मोजायचा तुकडा तुम्ही सपाट विणला की गोल?

तापीकाठची

सपाट. का?

गणिती_नंदुरबार

सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. बहुतेकांचा उलट टाका सुलटापेक्षा थोडा सैल किंवा घट्ट पडतो. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, सगळ्या फेऱ्या सुलट. माझे सपाट तुकड्यात १० सेंमीत २८ ओळी येतात, गोल विणताना २६. वाढीच्या ३२ आणि साध्या ४ अशा ३६ फेऱ्या धरल्या तर तुमच्या हिशेबाने गळ्यापासून काखेपर्यंत १२.९ सेंमी, माझ्या हाताने १३.८. म्हणजे काख जवळपास एक सेंमी खाली उतरली. चार वर्षांच्या पोराला चालून जाईल, पण तुकडा गोल विणून बघा, एवढं कृतीत लिहा.

तापीकाठची

लिहिते. हे मला सुचलंच नव्हतं, कारण माझे दोन्ही टाके सारखेच पडतात. म्हणजे पडत असावेत. आज मोजते.

जुनीसुई

काय व माय, इतला टाका कोन मोजी? आमच्या वेळी पोराला पुढ्यात उभं करायचं आणि त्याच्या पाठीवर सुई लावून बघायची. झालं माप.

परदेशी_पाखरू

ताई, रडू की हसू कळत नाही. काख सोडली, अंग सहा इंच उतरलं, म्हणून टेबलावर पसरून मोजलं. छाती ८० सेंमी! हा भाच्याचा स्वेटर नाही, भाच्याच्या मोठ्या भावाला होईल, आणि तो बारा वर्षांचा आहे. शिवाय वीण अशी विरळ की चहा गाळता येईल. टाके बरोबर १२८ आहेत, तीनदा मोजले.

गणिती_नंदुरबार

१२८ टाके आणि ८० सेंमी, म्हणजे १० सेंमीत १६ टाके. सुई किती मिलिमीटरची आहे?

परदेशी_पाखरू

८ नंबर. थांबा, सुईवर बारीक अक्षरात ५ मिमी लिहिलंय.

तापीकाठची

अगं बाई. माझी ८ नंबर ४ मिमीची आहे.

गणिती_नंदुरबार

घोळ सापडला. आपल्याकडे दुकानात चालतात ते जुने इंग्लंडचे नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटी गंगा, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि तिथली ८ म्हणजे ५ मिमी. भुसावळच्या आठने विणलेला स्वेटर तिथल्या आठने विणला तर असाच फुगणार.

परदेशी_पाखरू

आणि मी तुकडा विणलाच नव्हता, हे आता कबूल करून टाकते. गणिती, तुम्ही गोल की सपाट विचारत होतात, तेव्हा मी गुपचूप बसले होते.

तापीकाठची

चूक माझी. नंबर लिहिला, मिमी लिहिले नाहीत. कृती दुरुस्त केली: '४ मिमी (आपल्याकडची ८ नंबर)'. तू उसवून परत करणार का? नाही केलंस तरी ही एक गोष्ट कळली, तेवढ्यावर चाचणी वसूल आहे.

परदेशी_पाखरू

मोठ्याचा हट्ट आहे की गाळणी त्यालाच हवी. त्याला देते. धाकट्यासाठी ४ मिमी सुई मागवली.

केळीबाग

माझा दोन वर्षांचा स्वेटर झाला, आणि तक्रार आहे. दिसतो छान, मोजमाप बरोबर, पण पोरगा सारखा गळा पुढे ओढतो. पुढची पट्टी थेट गळ्यावर बसते आणि मागून मानेचा मणका उघडा. सासूबाई म्हणाल्या, याला पुढचं-मागचं काही आहे का नाही?

जुनीसुई

सासूबाई बरोबर बोलल्या. शिवणीच्या स्वेटरला पुढचा गळा खोल आणि मागचा वर असतोच. तुम्ही दोन्हीकडे सारखं ठेवलंय.

तापीकाठची

मान्य. माझ्या मुलीची मान लांब आहे, तिला चालून गेलं. यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूला अर्ध्या ओळी जास्त घालायच्या. गळ्याची पट्टी झाली की पूर्ण फेरी न विणता फक्त पाठ आणि थोड्या बाह्या एवढंच विणून परत फिरायचं. अशा सहा ओळी झाल्या की मागची बाजू सुमारे दोन सेंमी वर येते.

फिरताना भोक पडू नये म्हणून असं करायचं: जिथे थांबलात तिथे काम उलटवा. पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या आणि धागा सुईवरून मागे नीट ओढा, इतका की त्या टाक्याला दोन पाय दिसतील. मग पुढे विणत राहा. पुढे पूर्ण फेरी विणताना हा दोन पायांचा टाका आला की दोन्ही पाय एकत्र धरून एकच टाका विणायचा. ओढ कमी पडली तर तिथे डोळा राहतो. माझा पहिल्या वेळी राहिला, मुलगी त्यात बोट घालून बसायची.

कृतीत हा भाग घातलाय. केळीबाग, तुमचा स्वेटर बिघडला याचं वाईट वाटतं.

केळीबाग

बिघडला कसला? उसवला, परत घेतला. वरचा भाग म्हणजे चार संध्याकाळचं काम. तेवढ्यात दुसरं विचारते: बाही आणि अंग जिथे सुटतात तिथे काखेत दोन्ही टोकांना एकेक भोक पडतं. माझ्या हाताचा दोष का?

तापीकाठची

सगळ्यांचंच पडतं. काखेतले ६ टाके उचलताना दोन्ही कडांना आडव्या धाग्यातून एकेक जादा टाका पीळ देऊन उचला, म्हणजे ८ होतात. पुढच्या फेरीत ते शेजारच्या टाक्याबरोबर जोडून टाका, परत ६. तरी उरलं तर शेवटी दोऱ्याचं शेपूट त्याच भोकात फिरवायचं.

उगाच

या धाग्याचंही शेपूट बरंच लांबलंय. बरं, एक खरा प्रश्न. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन फिरतात. ती लोकर का नाही वापरत? इथलीच झाली असती.

जुनीसुई

ती राठ असते बाबा. घोंगडीला उत्तम, पावसालाही दाद देत नाही. पोराच्या मानेला लावशील तर पोरगं ओरबाडून काढेल. घरी येऊन आमची घोंगडी दोन मिनिटं गालाला लावून बघ.

केळीबाग

आणि पोरांच्या स्वेटरला मी तर ॲक्रिलिकच वापरते. बादलीत टाकला, पिळला, वाळवला. फक्त इस्त्री लावू नका, वीण कायमची मरते आणि लोंबायला लागते.

जुनीसुई

सहा वर्षांचा झाला. मापात बसला. शिवण नाही हे चांगलं आहे, मान्य करते. आतून हात फिरवला, कुठे काही टोचत नाही. बाह्यांना चार सुया घेतल्या. कृती चांगली लिहिली आहेस, काही अडलं नाही. लोकर २४० ग्रॅम लागली.

तापीकाठची

काकू, वाचून जीव भांड्यात पडला. सहाच्या मापाची मला सगळ्यात धाकधूक होती.

नवशिकी

मी इतके दिवस काही लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. माझे ८ टाके हरवतात. वाढीच्या फेऱ्या झाल्या की २१२ टाके हवेत असं लिहिलंय. माझे २०४ होतात. पहिल्यांदा वाटलं मोजायला चुकले. मग वाटलं कुठेतरी वाढवायला विसरले. उसवलं, परत विणलं, दर फेरीला वहीत काट मारली, रेघांना रंगीत दोऱ्याच्या गाठी बांधल्या. पुन्हा २०४. काल तिसऱ्यांदा. आई म्हणाली, मफलरच विण तू. काकूंना काही अडलं नाही म्हणतात, म्हणजे माझंच चुकतंय. पण कुठे?

गणिती_नंदुरबार

तीनही वेळा २०४? चुकणारा माणूस दर वेळी वेगळं चुकतो. बरोबर ८ कमी, म्हणजे वाढीची एक पूर्ण फेरी. कृतीत किती वेळा वाढवा लिहिलंय?

नवशिकी

१६ वेळा. १६ काटा आहेत वहीत.

गणिती_नंदुरबार

सहाच्या मापाला गळ्याचे टाके ७६. ७६ आणि १६ गुणिले ८, म्हणजे १२८. बेरीज २०४. तुझं बरोबर आहे. २१२ साठी १७ वेळा हवं.

तापीकाठची

चारच्या मापातली ओळ उचलून सहाच्या मापात टाकली आणि आकडा बदलायचा राहिला. नवशिकी, तीन वेळा उसवायला लावलं मी तुला. माफ कर गं.

पण काकू, तुम्हाला २१२ कसे मिळाले?

जुनीसुई

१६ नंतर मोजले, कमी भरले. रेघा बघितल्या, पाठीला अजून थोडी रुंदी हवी असं दिसतच होतं. एक फेरी आणखी वाढवली. त्यात काय एवढं?

तापीकाठची

काकू, हेच तर सांगायचं होतं ना! 'काही अडलं नाही' लिहिलंत तुम्ही.

जुनीसुई

अडलं नाहीच मुळी. आम्ही मासिकातून कात्रणं काढून विणायचो, त्यात निम्मं चुकीचं छापलेलं असायचं. दुरुस्त करत जायचं, ही सवय. कुणाला कळवायचं? छापणाऱ्याला?

केळीबाग

काकूंचं खरं आहे हो. वरणात मीठ कमी लागलं तर आपण घालून मोकळ्या होतो, वाढणारीला बोलावून सांगत नाही.

तापीकाठची

पण इथे मी वाढणारी आहे आणि पातेलं अजून चुलीवर आहे. काकूंचा हात शहाणा आहे, तो चुकीच्या कृतीतूनही बरोबर स्वेटर काढतो. म्हणून कृती बरोबर आहे का, हे त्या हाताकडून कळत नाही. नवशिकीने १६ लिहिलंय म्हणून १६ केलं, म्हणून सापडलं. मी सुरुवातीला हे लिहायलाच हवं होतं: लिहिलंय तसंच विणा. हात म्हणेल 'इथे चुकलंय', तेव्हा हाताचं ऐका, पण आधी मला कळवा.

जुनीसुई

बरं. नवशिकी, तुझे तीन वेळचे कष्ट माझ्यामुळे वाढले. मी तेव्हाच बोलले असते तर तू दुसऱ्यांदा उसवलं नसतंस. अमळनेरला आलीस तर घरी ये, सुयांचा जुना डबा आहे, हवी ती घे.

नवशिकी

काकू, येतेच. आईला हा धागा वाचून दाखवला. तिने फक्त "मग ठीके" म्हटलं.

लोकरीचंही सांगते. माझी संपत आलीये, एक बाही पूर्ण बाकी आहे, आणि दुकानात त्या लॉटची लोकर उरली नाही. नवी लोकर जरा निळसर दिसते.

केळीबाग

वरून खाली विणण्याचा इथेच फायदा. अंगाची खालची पट्टी सोड, दहा-बारा ओळी उसव, ती लोकर बाहीला वापर. मग नव्या लोकरीने फक्त खालची पट्टी आणि मनगटं कर. मुद्दाम केल्यासारखं दिसेल. मी तर आता अंग अर्धं झालं की आधी दोन्ही बाह्या करते, उरेल तेवढी लोकर अंगाच्या लांबीला. पुढच्या वर्षी पोरगं उंच झालं की तीच पट्टी सोडून खाली चार बोटं वाढवायची.

जुनीसुई

हे मला आवडलं. शिवणीच्या स्वेटरला खालून लांबी वाढवणं म्हणजे कटकट. आम्ही सरळ अख्खा उसवायचो, लडी करून धुवायचो, वाफ देऊन सरळ करायचो आणि नवा घालायचो. माझ्या मोठ्या मुलाचा तपकिरी स्वेटर तीन पोरांच्या अंगावर तीन वेगळ्या नमुन्यांत फिरलाय.

तापीकाठची

सुधारलेली कृती सगळ्यांना पाठवली. बदल: सुई मिमीमध्ये, तुकडा गोल, मागच्या गळ्याला सहा अर्ध्या ओळी, सहाच्या मापाला १७ वेळा वाढ, काखेतली भोकं आणि लोकरीचं वजन. चारच्या मापाला २०० ग्रॅम लिहिले होते, आता २२० करते, सहाला २५०. आता आठ वर्षांचं माप उरलंय. कोण घेतं?

नवशिकी

मी घेते! निळसर मनगटांचा पूर्ण झाला, भाऊ रोज शाळेत घालून जातोय.

जुनीसुई

मलाही दे. मोठ्या नातीला.

नवशिकी

ताई, सुरुवात करण्याआधीच विचारते. आठच्या मापात काखेत ८-८ टाके लिहिलेत. बाकी तिन्ही मापांत ६-६ आहेत. हे चुकून आहे की मुद्दाम?

तापीकाठची

मुद्दाम. गळ्याला ८०, वाढीच्या १८ फेऱ्या, त्यात रेघांचे टाके धरून पाठ-पुढा मिळून १३२ होतात. छातीला १४८ हवेत, म्हणजे काखेतून १६ यायला हवेत. पण विचारलंस ते फार बरं केलंस, कृतीत तशी टीप टाकते.

जुनीसुई

अगं, मी सहाच घातले. छापताना चुकलं असेल असं वाटलं.

तापीकाठची

काकू!!!

जुनीसुई

उसवते.